येड्या आंब्याचा सौदा

पिंपळवंडीच्या आमच्या रानात विहिरीला लागून एक झाड होतं. 'आमच्या' असं अजून तोंडात येतं. ते रान धाकट्या भावाचं आहे.

झाड वडिलांनी लावलेलं. मी शाळेत होतो तेव्हा जत्रेत एका रोपवाल्यानं हापूसचं कलम म्हणून ते त्यांच्या गळ्यात मारलं. पानं लांब, गडद, आंब्यासारखीच, त्यामुळे वडिलांना शंका आली नाही. पुढे फळ धरलं तेव्हा ते हिरवंगार, देठाकडे निमुळतं, आंब्याशी काही संबंध नसलेलं निघालं. वडील म्हणाले, जात वेगळी असंल, पिकलं की कळंल. झाडावर ते पिकेना. मग उतरवून माळ्यावर भाताच्या पेंढ्यात त्याची अढी घातली. आंबा अढीत पिवळा होतो, घरभर वास सुटतो, मग काढायचा, एवढंच आम्हाला माहीत. हे पिवळं झालं नाही आणि वासही सुटला नाही. वडील रोज पेंढा उचकटून बघायचे आणि पुन्हा झाकायचे. शेवटी ते काळं पडलं, दाबलं तर बोट आत गेलं. सडलं म्हणून सगळं उकिरड्यावर टाकलं. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

आई म्हणायची, "येडा आंबा हाय त्यो. त्याला पिकायचंच कळंना." तेच नाव पडलं.

एकदा शेळीनं त्याचा पाला ओरबाडला. तिची कास सुजली आणि दूध आटलं. आई म्हणाली, नजर लागली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या शेळीला तेच झालं तेव्हा वडिलांनी झाडाभोवती काट्या लावल्या. तोडलं मात्र नाही. "सावली देतंय, ऱ्हाऊ दे," म्हणाले.

वाटणी झाली नव्वदच्या आगेमागे. नदीकाठचं, बारमाही पाण्याचं रान धाकट्याला मिळालं. मला आण्याच्या पठाराकडचं, जिथं नांगराला माती कमी आणि मुरूम जास्त लागतो. भावकीतली चार माणसं बसली होती, चहा चालला होता. वडील म्हणाले, "असं ठरलंय."

मी म्हणालो, "का?"

"ठरलंय."

"का ठरलंय, एवढंच सांगा."

ते चहाची बशी तोंडाला लावून बसले. मी माझा कप भिंतीवर फोडला आणि उठलो. त्या दिवसापासून मी त्या रानात पाऊल ठेवलं नाही, त्या घरचं पाणी प्यायलो नाही. भावाशी बोलणं बंद झालं. वडिलांशी लग्नकार्यात, मयतीत समोर आलो तर मान हलवण्यापुरतं.

मुरमाड रानात काही होणार नव्हतं. मी एक गाभण गाय घेतली, विकली, दोन घेतल्या. जनावरांचा व्यापारी झालो. लोक तोंडावर शेठ म्हणतात आणि पाठीमागे हेड्या, म्हणजे गुरांचा दलाल, म्हणतात, दोन्ही मला चालतं. आंबेगाव तालुक्यात मंचरच्या पुढे डांबरी रस्त्याला जागा घेतली, स्लॅबचं घर बांधलं, जीप घेतली. कुणाचा एक रुपया त्यात नाही.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती गर्दी उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो. पटलं की हात हलवायचा. नाही पटलं की हात काढून घ्यायचा. हात काढला म्हणजे माल द्यायचा नाही, त्यावर पुन्हा विचारायचं नसतं. हे मला वडिलांनीच शिकवलं होतं, बेल्ह्याच्या बाजारात, माझा लहान हात त्यांच्या हाताबरोबर रुमालाखाली घेऊन. पुढे पोट त्यावरच भरलं.

डिंभे धरणाच्या बाजूला पुण्याच्या एका माणसाचा बंगला होता. त्याला मी एक जर्सी गाय दिली. सौदा संपल्यावर त्यानं मला व्हरांड्यात बसवलं आणि त्याच्या बायकोनं ताटलीत पाव आणला. पावावर हिरवं काहीतरी फासलेलं, वर मीठ, लिंबू, बारीक कांदा. खाल्लं. लोण्यासारखं लागलं, पण वास लोण्याचा नव्हता. टेबलावर काळं साल आणि सुपारीसारखी, पण तिच्याहून मोठी, गुळगुळीत बी पडली होती. ती बी मी ओळखली. आमच्या उकिरड्यावर पोत्यानं पडायची.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अवोकाडो. लोणीफळ म्हणा. पुण्यातसुद्धा सहज मिळत नाही, आणि मिळालं तर महाग."

"पिकलं कसं कळतं?"

"काळं पडतं, दाबलं की मऊ लागतं. तेव्हाच खायचं."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोटभर हसली. मला हसू आलं नाही. वडील इतकी वर्षं पेंढा उचकटत होते, आणि नेमकं पिकलं की फेकून देत होते.

त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी वडिलांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. भावानं त्यांना नारायणगावच्या दवाखान्यात घातलं. निरोप आला तसा मी गेलो. खाटेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. बोलणं बंद, म्हणून मी नर्सला सांगितलं, "ह्यांना म्हणावं, म्हाताऱ्याला मी नेणार."

तो पण नर्सलाच म्हणाला, "त्यांना सांगा, आमचं घर मोकळं हाय. आबा आमच्याकडंच ऱ्हातेत."

"ह्यांना सांगा, रान बी लई मोकळं व्हतं. ते घेतलं तेवढं बास झालं."

"आवो, तुमी दोघं एकमेकांशी बोला की!" नर्स म्हणाली. "मला सलाईन लावायचंय."

डॉक्टरांनी ते सोडवलं. रस्त्याला घर कुणाचं, एवढंच त्यांनी विचारलं. भावाची वस्ती रानात, पावसाळ्यात तिथं बैलगाडीसुद्धा रुतते. वडील माझ्याकडे आले.

निघताना डॉक्टर म्हणाले, "बोलणं परत येऊ शकतं. काहींना येतं. पण अंगात ताकद राहिली पाहिजे, खाणं तुटू देऊ नका. आणि पातळ काही देऊ नका, पाणीसुद्धा जपून. छातीत उतरेल. घट्ट आणि गुळगुळीत असेल ते द्या."

मी ते नीट ऐकून घेतलं. मला ते बोलणं परत हवं होतं, एका उत्तरापुरतं. ते मिळेपर्यंत म्हातारा जगला पाहिजे, आणि जगायचा तर खाल्लं पाहिजे. माझ्या डोक्यात एवढंच होतं.

ते खाईनात. पेज दिली तर ठसका लागून डोळे पांढरे झाले. मऊ भात गालात साठवून ठेवला आणि थोड्या वेळानं उशीवर आला. केळं कुस्करून दिलं, टाळूला चिकटलं. शिरा, रताळं, दुधात भिजवलेली पोळी, सगळं ओठांवरून परत. डाव्या हातानं वाटी ढकलायचे. गळ्याची हाडं दिसायला लागली. रोज सकाळी बायको त्यांचं तोंड पुसायची आणि मी जनावरं बघायला निघून जायचो.

एक दिवस परत आलो तर ती त्यांच्याजवळ बसली होती, आणि वडील गिळत होते. वाटीत पोपटी काहीतरी होतं, गुळाच्या पाकाचा वास येत होता.

"काय हाय हे?"

"येडा आंबा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"कुठला?"

"म्हायेरनं आणलाय. ओतूरचा म्हणा."

"ओतूरला हे झाड न्हाई."

"मंग जाऊबाई ओतूरला आल्या व्हत्या म्हणा, त्यांच्या पिशवीत व्हता म्हणा. आता सांगू का आबांना थुंकायला?"

"त्या रानातलं माझ्या घरात..."

"आवो, हळू. ते गिळत्यात."

वडिलांनी तोंड उघडलं. तिनं चमचा घातला. घोट खाली गेलेला गळ्यावर दिसला. मी जोडे काढून आत गेलो.

पुढचे काही आठवडे आमच्या स्वयंपाकघरात त्या फळाशिवाय दुसरं काही नव्हतं. जाऊबाईनं, म्हणजे भावाच्या बायकोनं, पिशवी भरून कच्ची दिली होती. सगळी एकदम पिकली तर पुन्हा उकिरडा, म्हणून बायकोनं थोडी ज्वारीच्या कणगीत घातली, थोडी केळ्यांबरोबर कागदात गुंडाळली आणि बाकीची माठाशेजारी गारव्याला ठेवली. कणगीतली आधी पिकायची, माठाजवळची मागाहून. रोज सकाळी ती एकेक उचलून देठाजवळ अंगठ्यानं हलकेच दाबायची. मी म्हैस घेताना कास जशी दाबून बघतो, तशी.

गुळाचं दोन दिवस चाललं, मग वडील कंटाळले. तिनं साखर आणि वेलदोडा घालून शिकरण केलं. ते चाललं. मग दह्यात कालवून, मीठ आणि भाजल्या जिऱ्याची पूड घालून दिलं, ते जास्त चाललं. वडिलांना पहिल्यापासून गोडापेक्षा खारट आवडायचं, हे मी विसरलो होतो. शेंगदाण्याचं कूट अगदी वस्त्रगाळ करून त्यात मिसळलं म्हणजे पोटाला आधार. अर्धं फळ उरलं तर बी तशीच आत ठेवून, कापलेल्या बाजूला लिंबू चोळून, पालथं झाकायचं. म्हणजे काळं पडत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही, वांगी काळी पडतात म्हणून तिनं लिंबू लावून बघितलं.

सगळं जमलं असंही नाही. एकदा खीर करावी म्हणून तिनं गर दुधात शिजवला. घरभर वास चांगला सुटला, पण तोंडात घातलं तर कडू. दुधाला दोष दिला. दुसऱ्यांदा आमटीत घातला, पुन्हा कडू. मी ताट सरकवून उठलो. ती म्हणाली, "म्हंजे ह्याला इस्तव चालत न्हाई. बरं झालं कळलं." तेव्हापासून शिजवणं बंद. थालीपीठ केलं तर गर थालीपिठात नाही, थालीपिठावर. हिरवी मिरची, लसूण, मीठ वाटून त्यात गर ठेचायचा आणि गरम भाकरीवर लोण्यासारखा फासायचा. ते आमच्यासाठी. मला ते आवडलं, पण तिला सांगितलं नाही.

सालाच्या आतल्या बाजूनं ती वडिलांच्या टाचा चोळायची. पडून पडून त्या फुटल्या होत्या. मी एकदा उरलेल्या गरानं बैलाची शिंगं चोळली. चकाकी तेलापेक्षा बरी आली, पण माश्या बसल्या. आणि बी फोडली तर तिचा रस तांबूस होतो. मी एक बी माझ्या रुमालात ठेवून कोयत्यानं चेचली, गोठ्यामागे लावता येते का बघावं म्हणून. चेचलेली बी लावून उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला कळायला हवं होतं. रुमालाला तांबडा डाग पडला. धुतला, उन्हात टाकला, पुन्हा धुतला. डाग तसाच राहिला. बाजारात एकानं विचारलं, "शेठ, कुणाला कापलं का काय?"

तो रुमाल बाजाराबाहेर कामाला आला त्या दिवसाचं सांगतो. वडिलांनी दोन चमचे घेतले आणि ओठ मिटले. बायको बाहेर गेली होती. मी सांगून बघितलं, मग ओरडलो. त्यांनी डोळेही मिटले. रुमाल माझ्या खांद्यावर होता. मी त्यांचा डावा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि पाचही बोटं दाबली. म्हणजे अजून पाच चमचे.

हात थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग आत हालचाल झाली. त्यांनी माझं एक बोट धरलं.

मी चार दिली. त्यांनी पुन्हा एकच.

"असा भाव असतो व्हय, आबा?" मी म्हणालो. "माल बघा की जरा."

तीन धरली. त्यांनी दोन धरून ठेवली आणि सोडेचनात. मी म्हटलं, ठीक, दोन. हात हलवला. त्यांनी तोंड उघडलं. दोन चमचे घेतले आणि पुन्हा ओठ मिटले. ठरल्याबाहेर एक कण नाही.

मग रोज तसंच चाललं. बायको म्हणायची, "बापाला बी बाजारात उभं केलं तुमी." मी कधी जिंकायचो, कधी ते. आमच्यात वाटणीनंतर एवढं बोलणं कधी झालं नव्हतं, आणि त्यात शब्द एकही नव्हता.

पिशवीतली फळं संपत आली. जाऊबाई चोरून देऊन देऊन किती देणार. दुसरं काही वडील घेत नव्हते. आता मलाच काहीतरी करायला लागणार होतं.

सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात भाऊ एक खोंड घेऊन उभा होता. मी समोर गेलो. त्याच्या बाजूचा माणूस ओळखीचा, तो म्हणाला, "या शेठ. घरातलंच गिऱ्हाईक आलं की."

मी काही न बोलता हात पुढे केला. भावानं खोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात दिला. रुमाल टाकला. मी खोंडाचा भाव दाबला नाही. झाडावरच्या सगळ्या फळांची मला वाटली ती रास्त किंमत दाबली, आणि ते त्याला कळावं म्हणून दुसऱ्या हातानं खिशातून एक हिरवं फळ काढून दाखवलं.

त्यानं बोटं मिटून घेतली. मूठ. म्हणजे काही नको.

मी वाढवून दाबलं. पुन्हा मूठ.

माझं डोकं फिरलं. "फुकट नको मला तुझ्या रानातलं!" मी ओरडलो. वाटणीनंतर त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

"मंग घेऊ नगा, भाऊ," तो म्हणाला. "माझ्या बापानं लावलेल्या झाडाचं फळ माझ्या बापाला इकू व्हय मी? कापून टाकतो उद्या झाड."

"काप."

"कापतो."

बाजूचा माणूस म्हणाला, "आरं, खोंडाचं चाललंय का झाडाचं? आमाला बी कळू द्या."

आम्ही दोघांनी हात सोडला नव्हता. घाम सुटला होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

"मला पैसं नगं," भाऊ खालच्या आवाजात म्हणाला. "मला आबांना बघायचंय. तुमी दारात उभं करत न्हाई. दोनदा आलो, वहिनींनी वट्यावरनं चहा दिला, आबा ह्येच फळ खात्यात म्हणल्या, तुमची जीप दिसली म्हणून माघारी गेलो."

मला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर चहाही मिळाला नसता.

त्यानं रुमालाखाली माझी दोन बोटं दाबली. आठवड्यातून दोनदा. मी एक दाबलं. त्यानं पुन्हा दोन. मी हात काढून घ्यायला लागलो, तर त्यानं घट्ट धरला.

"एक," तो म्हणाला. "पण भरवणार मी."

मी विचार केला. फळं लागणार होती. मी हात हलवला.

तेव्हापासून दर सोमवारी बाजार उरकून तो पाटी घेऊन यायचा. दाराशी पाय धुवायचा, मला "भाऊ" म्हणून मान हलवायचा आणि आत जायचा. बायको गर मळून तयार ठेवायची. मी बाहेर जनावरांत असायचो. एकदा पाणी प्यायला आत आलो तर दारातून दिसलं. भावानं चमचा पुढे केला, वडिलांनी तोंड उघडलं, पुन्हा चमचा, पुन्हा तोंड. मध्ये सौदा नाही, काही नाही. तो आपला बडबडत होता, कांद्याला काय भाव मिळाला, विहिरीची मोटर कशी जळाली, जाऊबाई कुणाशी भांडल्या. वाटी रिकामी झाली. त्यानं पंच्यानं त्यांचं तोंड पुसलं.

मी पाणी न पिता बाहेर आलो. राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. एका म्हशीचे दात बघायचे होते, ते बघितले.

दुसऱ्या दिवशी भरवायची पाळी माझी होती. वडील थोडे ठीक दिसत होते. तोंडातून आवाज यायला लागला होता, शब्द नव्हता, पण डॉक्टर म्हणाले होते, आवाज आला की चांगलं. मी आणखी थांबायला हवं होतं, असं बायको नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही. बाजारात वेळ बघूनच हात पुढे करतात, आणि मला ती वेळ आली असं वाटलं.

वाटी मांडीवर ठेवली. त्यांचा डावा हात घेतला, रुमाल टाकला. त्यांना वाटलं चमच्यांचं आहे. त्यांनी आपणहून माझी दोन बोटं धरली.

"ते न्हाई, आबा," मी म्हणालो. "आज येगळं हाय. नदीकाठचं रान त्याला दिलं, मला मुरूम दिला. का, ते सांगा. बोलता येत न्हाई, मला म्हाईत हाय. बोट धरा."

त्यांनी धरलेली दोन बोटं सोडली.

"तो धाकटा म्हणून दिलं असंल तर एक धरा. आई म्हणली म्हणून असंल तर दोन. माझ्या हातात रान टिकणार न्हाई, मी इकून खाईन असं वाटलं असंल, तर तीन. मला राग येणार न्हाई. नुसतं धरा."

मी तीन बोटं त्यांच्या तळहातावर टेकवली. रुमालाखाली त्यांचा हात हलला. त्यांनी पहिलं बोट चाचपलं, मग दुसरं, मग तिसरं. घाई न करता, जनावराचे दात बघावेत तसं. पुन्हा पहिल्यावर आले.

मग त्यांनी हात काढून घेतला. रुमाल माझ्या हातावर तसाच राहिला, आत माझी तीन बोटं सरळ.

हात काढला की पुन्हा विचारायचं नसतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी तोंड उघडलं. वाटी माझ्या मांडीवर होती, दही-मिठातलं होतं. मी चमचा भरला आणि भरवला. त्यांनी गिळलं, पुन्हा उघडलं. त्या दिवशी भाव न ठरवता सगळी वाटी संपली. मी वाटी मोरीत ठेवली, हात धुतले आणि गोठ्यात गेलो.

दसऱ्यानंतर त्यांना ताप आला. छातीत भरलं, डॉक्टर म्हणाले. बोलणं शेवटपर्यंत आलं नाही. अंत्यविधी पिंपळवंडीला, नदीवर झाला. तिथून भावाचं रान दिसतं. मी तिकडे बघितलं नाही. आलेल्या माणसांना काय हवं नको ते बघत होतो. लाकडं ओली दिली म्हणून लाकूडवाल्याशी भांडलो तेवढं आठवतं.

तेरावं झालं. त्यानंतरच्या सोमवारी मी गोठ्यात असताना भाऊ आला. हातात पाटी. दाराशी पाय धुतले, आत पाऊल टाकलं आणि तिथंच उभा राहिला. खाट उचलून ठेवलेली होती.

"सवयीनं आणली," तो म्हणाला.

बायकोनं त्याच्या हातातली पाटी घेतली. कणगीत एक पिकलेलं फळ शिल्लक होतं, ते तिनं काढलं. मिरची-लसूण वाटून त्यात ठेचलं आणि तव्यावरच्या भाकरी वाढल्या. मी गोठ्यातून आत आलो, आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. त्यानं हे कधी खाल्लं नव्हतं. इतकी वर्षं झाड त्याच्या दारात, आणि त्याच्या घरी ते अजून उकिरड्यावरच जात होतं. जाऊबाई द्यायची आणि तो पाटीतून आणायचा, तेवढंच वाचत होतं. त्यानं घास घेतला, चावला.

"हे त्येच?"

"त्येच," बायको म्हणाली. "काळं पडलं म्हंजी सडलं न्हवं, भावजी. पिकलं."

त्यानं आणखी एक घास घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी सांगत व्हत्या. तुमी आबांना इचारलं म्हणं."

मी बायकोकडे बघितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मी बी इचारलं व्हतं," तो म्हणाला. "वाटणीच्या साली. भाऊला ह्यातलं अर्धं का न्हाई म्हणून. लई येळा इचारलं."

"काय म्हणले?"

"ठरलंय म्हणले."

मी भाकरीचा तुकडा मोडला. गर लावला. मीठ कमी होतं, मिठाचा डबा ओढून घेतला आणि त्याच्याकडे सरकवला. त्यानं चिमूट घेतली.

अर्धं रान देतो असं तो म्हणाला नाही. मीही मागितलं नाही. मागितलं असतं तर फुकट मागितल्यासारखं झालं असतं. ते रान माझ्या वाट्याचं होतं असं मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो, आणि कुणी विचारलं तर त्याच्या तोंडावर म्हणेन.

तो उठला. रिकामी पाटी काखेत धरून दारात थांबला.

"झाडाला अजून हायेत थोडी. सोमवारी आणू?"

"कच्ची आण," मी म्हणालो. "पिकवायचं आमी बघू."